पैसा पोहोचला, धास्ती राहिली : ग्रामीण मेक्सिकोतल्या किशोरवयीन मुलांच्या चिंतेविषयी

१९९७ साली मेक्सिकोच्या सरकारने खेड्यांतल्या गरीब कुटुंबांसाठी ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना सुरू केली. मुलं नियमित शाळेत जात असतील आणि घरातली माणसं ठरलेल्या वेळी दवाखान्यात तपासणीला येत असतील, तर सरकार त्या घराला रोख रक्कम देणार आणि ती आईच्या हाती देणार. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलीसाठीची रक्कम मुलासाठीच्या रकमेपेक्षा जास्त होती, कारण सातवीच्या उंबरठ्यावर आधी मुलींचीच शाळा सुटते हे ठाऊक होतं. सान्तियागो लेव्ही या अर्थतज्ज्ञाचा या आखणीत मोठा वाटा होता. पुढे ‘ओपोर्तुनिदादेस’ आणि मग ‘प्रोस्पेरा’ अशी नावं बदलत ही योजना २०१९ पर्यंत चालली आणि साठ लाखांहून अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचली. तिचा परिणाम मोजता यावा म्हणून सुरुवातीलाच ५०६ गावं निवडली होती. त्यांतल्या ३२० गावांना लाभ आधी मिळाला, उरलेल्या १८६ गावांना नंतर. गरिबीवरच्या उपायांचा इतक्या काटेकोरपणे झालेला अभ्यास त्याआधी क्वचितच दिसतो.

या योजनेवरच्या संशोधनात एक निष्कर्ष असा आहे, की त्याच्याकडे जितकं लक्ष जायला हवं होतं तितकं गेलं नाही. एमिली ओझर, लिया फर्नाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लाभार्थी घरांतल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या वागणुकीचा अभ्यास मांडला. मारामारी, हट्ट, आक्रस्ताळेपणा यांत सुमारे १० टक्क्यांची घट दिसली. भीती, चिंता आणि उदासी मात्र लक्षणीय म्हणता येईल इतकी उतरली नव्हती. त्याच वर्षी फर्नाल्ड आणि मेगन गुन्नर यांनी मुलांच्या लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण तपासलं. ज्या घरांत आई खूप खचलेली होती, तिथे योजनेतल्या मुलांच्या शरीरातला ताण कमी आढळला. मग २०११ मध्ये खुद्द आयांचा अभ्यास आला. त्यांची उदासी कमी झाली होती आणि त्याचं एक कारण असं निघालं, की आपल्या आयुष्यावर आपला थोडा तरी ताबा आहे असं त्यांना आता वाटू लागलं होतं.

ही मुलं लहान होती. किशोरवयीन मुलांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तिन्ही अभ्यास एकत्र ठेवले की एक दिशा दिसते, आणि गेल्या काही दशकांतलं बाकीचं संशोधन वाचताना ती माझ्या मनात पक्की होत गेली. गरिबीचा आणि चिंतेचा संबंध आहेच, पण तो सरळ रेषेतला नाही. मुलाला पोखरते ती मुख्यतः अनिश्चितता. बाप परत येईल की नाही, पाऊस पडेल की नाही, रस्त्यावरची ती काळी गाडी कोणाची, पुढच्या वर्षी आपण शाळेत असू की टोमॅटोच्या मळ्यात, याचं उत्तर घरातल्या कोणाकडेच नसतं. मेक्सिकोच्या खेड्यांतल्या कुटुंबांची ओढाताण, मुलांचा चिवटपणा आणि त्यांची चिंता या तिन्हींचा विचार मी इथे याच अंगाने करणार आहे.

मेक्सिकोत २,५०० पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणाला ग्रामीण म्हणतात. २०२० च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या १२ कोटी ६० लाख होती आणि त्यांतले २१ टक्के लोक अशा ठिकाणी राहत होते. यात उत्तरेकडच्या कोरड्या पठारावरची चार-दहा घरांची वस्ती येते, तशीच चियापासच्या डोंगरातली कॉफी पिकवणारी माया गावंही येतात. २०२२ च्या सरकारी मोजणीत देशातले ३६.३ टक्के लोक गरीब ठरले, तर ग्रामीण भागात हे प्रमाण जवळपास निम्मं होतं. चियापासमध्ये ते ६७ टक्क्यांच्या वर, गेरेरो आणि ओआहाका या राज्यांत ६० टक्क्यांच्या आसपास. २०२४ ची राष्ट्रीय मोजणी २९.६ टक्क्यांवर आली. ही घट मोठी आणि खरी आहे, आणि किमान वेतनात झालेली वाढ हे तिचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. पण वेतनवाढीचा फायदा पगार मिळणाऱ्याला होतो. स्वतःच्या दोन एकर मक्यावर जगणाऱ्याला तो क्वचितच मिळतो.

मक्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. १९९२ मध्ये राज्यघटनेचं २७ वं कलम बदललं आणि क्रांतीनंतर गावांना सामुदायिक मालकीने मिळालेल्या ‘एहिदो’ जमिनी विकण्याचा, भाड्याने देण्याचा मार्ग मोकळा झाला. १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार अमलात आला आणि अमेरिकेचा स्वस्त मका बाजारात उतरला. कॉफीचे भाव तर १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कोटा-पद्धत मोडली तेव्हाच कोसळले होते. शेतीवर घर चालण्याचे दिवस असे एकामागून एक धक्क्यांनी संपत गेले. आजच्या किशोरवयीन मुलांचे आईबाप याच काळात लहानाचे मोठे झाले आहेत.

या खेड्यांतल्या माणसांच्या मनात डोकावण्याचा प्रयत्न मात्र जुना आहे. रॉबर्ट रेडफिल्ड यांनी १९३० मध्ये मोरेलोस राज्यातल्या तेपोस्तलान गावावर पुस्तक लिहिलं. त्यात गाव गुण्यागोविंदाने नांदताना दिसतं. ऑस्कर लुईस १९४३ मध्ये त्याच गावी गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी अगदी वेगळं चित्र मांडलं. अविश्वास, हेवेदावे, धाकात वाढणारी मुलं आणि सगळ्यांत झिरपलेली भीती. लुईस पुढे भारतातही आले. दिल्लीजवळच्या रामपूर गावात त्यांनी काम केलं आणि मेक्सिको व भारतातल्या शेतकरी संस्कृतीची तुलना करणारा लेख लिहिला. त्यांची नजर तीक्ष्ण होती, पण त्यांनी नंतर मांडलेल्या ‘दारिद्र्याच्या संस्कृती’च्या कल्पनेने नुकसान केलं असं माझं मत आहे. गरीब घर आपल्या मुलांना गरिबीच शिकवतं, असा तिचा अर्थ लावला गेला आणि दोष घराच्या दारात येऊन पडला. मेक्सिकन मानसशास्त्रज्ञ रोहेलियो दिआस-गेरेरो यांची मांडणी जास्त समजूतदार होती. त्यांच्या मते, अडचण आली की अमेरिकन माणूस परिस्थिती बदलायला जातो आणि मेक्सिकन माणूस आधी स्वतःला बदलतो, सोसतो, वाकतो. यालाही त्यांनी तग धरण्याची एक रीत मानलं. ते कमकुवतपणाचं लक्षण आहे असं त्यांनी म्हटलं नाही.

घरातली तंगी मुलाच्या मनापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, याचं सर्वांत विश्वासार्ह उत्तर अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातून आलं. १९८० च्या दशकात आयोवा राज्यात शेतीवर मोठं संकट कोसळलं. कर्जं थकली, जमिनी लिलावात गेल्या. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी तिथल्या सुमारे साडेचारशे कुटुंबांचा माग वर्षानुवर्षं ठेवला. त्यातून हाती आलेली साखळी अशी : उत्पन्न घटतं, बिलं थकतात, आईबाप खचतात, एकमेकांवर चिडतात, मुलांशी तुसडेपणाने वागू लागतात किंवा त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि मूल कोमेजतं. पैशाची टंचाई मुलाला थेट क्वचितच लागते, बहुतेक वेळा ती आईबापांच्या चेहऱ्यावरून लागते. काँगर यांनीच पुढे कॅलिफोर्नियातल्या सुमारे पावणेसातशे मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांवर हीच मांडणी तपासली आणि साखळी तिथेही बरीचशी टिकली.

मला या मांडणीचं महत्त्व मान्य आहे, पण ती मेक्सिकोच्या खेड्यात नेताना एक अडचण येते. आयोवातल्या अभ्यासात आई आणि बाप दोघंही घरात आहेत. ते भांडतात, पण रोज जेवणाच्या टेबलाशी दिसतात. मिचोआकान, साकातेकास, ग्वानाह्वातो किंवा ओआहाकाच्या मिश्तेका भागातल्या असंख्य घरांत बाप फोनवर असतो.

अमेरिकेकडे जाण्याची ही वाट सरकारनेच रुळवली. दुसऱ्या महायुद्धात मजुरांची चणचण भासली तेव्हा १९४२ मध्ये दोन्ही देशांनी ‘ब्रासेरो’ करार केला आणि १९६४ पर्यंत लाखो मेक्सिकन शेतमजूर कायदेशीरपणे तिकडे राबून आले. करार संपला, पण जाणं थांबलं नाही. हंगामाला जायचं आणि सणाला परतायचं, असं चक्र बसलं होतं. डग्लस मॅसी आणि होर्हे दुरान्द यांनी १९८२ पासून चालवलेल्या दीर्घ अभ्यासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. १९९३-९४ पासून अमेरिकेने सीमेवर कडेकोट बंदोबस्त केला, त्याने जाणाऱ्यांची वाट बिकट झाली आणि गेलेल्यांचं परतणंही. दलालाला मोठी रक्कम मोजून, वाळवंटातून जीव मुठीत धरून गेलेला माणूस नाताळासाठी परत कशाला येईल? वर्षातून काही महिने नसणारा बाप दहा-दहा वर्षं नसणारा बाप झाला. गावातल्या मुलाच्या आयुष्यात या धोरणाने जेवढा बदल केला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल.

पैसा येतो, हे खरं आहे. २०२३ मध्ये परदेशातून मेक्सिकोत ६,३०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. गावातल्या नव्या पक्क्या घरांमागे, बहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभामागे आणि आजीच्या औषधामागे हाच पैसा आहे. पण समाजशास्त्रज्ञ जोआना ड्रेबी यांनी मिश्तेका भाग आणि न्यू जर्सी अशा दोन्ही टोकांना राहून २०१० मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात या पैशाची दुसरी बाजू दिसते. आईबाप ‘थोड्याच दिवसांसाठी’ म्हणून जातात आणि तिकडे काळ त्यांच्या हिशेबाने चालत नाही. इकडे मूल वाढतं, आजीला आई म्हणू लागतं, फोनवर बोलायचं टाळतं. तेराचौदा वर्षांचं झालं की शाळेत त्याचं बिनसतं. बापाची पारख पाठवलेल्या पैशावर होते, आई गेली की तिची पारख मायेवर होते. म्हणून आईचं जाणं मुलांना जास्त लागतं आणि गावही तिलाच जास्त बोल लावतं. पॉलीन बॉस यांनी ज्याला धूसर वियोग म्हटलं आहे, तो हाच. माणूस गेलेलाही नसतो आणि असतही नाही. अशा दुःखाला सुतक नसतं, त्यामुळे त्याची सांगताही होत नाही.

शिक्षणावर या सगळ्याचा काय परिणाम होतो? डेव्हिड मॅकेन्झी आणि हिलेल रापोपोर्त यांचा २०११ चा अभ्यास सांगतो, की ग्रामीण मेक्सिकोत परदेशी गेलेलं माणूस ज्या घरात आहे, तिथली मुलं उलट कमी शिकतात. मुलगा स्वतःच निघून जातो, कारण अमेरिकेतल्या मजुरीला मेक्सिकोतली पदवी लागत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर घरकाम येऊन पडतं. घरात पैसा वाढला आणि शाळा सुटली, असं हे उलटं गणित आहे. गेलेल्या तरुणांचंही फार बरं चालतं असं नाही. जोशुआ ब्रेस्लाउ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच दाखवून दिलं, की अमेरिकेत पोहोचल्यावर स्थलांतरितांना नैराश्य आणि चिंतेचे विकार जडण्याचा धोका मागे राहिलेल्यांपेक्षा जास्त असतो, आणि तो मुख्यतः तरुणांमध्ये एकवटलेला असतो.

मग उलटी लाट आली. २००५ ते २०१० या काळात सुमारे १४ लाख लोक अमेरिकेतून मेक्सिकोत परतले, काही आपणहून, काही हद्दपार होऊन. त्यांच्यासोबत अमेरिकेत जन्मलेली मुलं आली. मेक्सिकोत राहणाऱ्या अशा मुलांची संख्या २०१५ च्या सुमारास पाच लाखांच्या घरात होती. त्यांचा जन्म टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातला, लिहायची सवय इंग्रजीतली, आणि आता ती डोंगरातल्या शाळेत स्पॅनिश व्याकरण शिकतात. या मुलांवर मेक्सिकन शिक्षणतज्ज्ञांनी लिहिलं आहे, पण मानसिक आरोग्याच्या पाहण्यांत ती वेगळी मोजली जात नाहीत.

सगळे सीमेपलीकडे जात नाहीत. गेरेरोच्या ‘ला मोंतान्या’ या डोंगराळ भागातून, ओआहाकातून दरवर्षी हजारो कुटुंबं मुलाबाळांसह उत्तरेकडे सिनालोआच्या टोमॅटो-मिरचीच्या मळ्यांत किंवा बाहा कॅलिफोर्नियातल्या सान किंतीनच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत मजुरीला जातात. बीड जिल्ह्यातून कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथलं शाळेचं वेळापत्रक वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मिश्तेक किंवा नाहुआत्ल बोलणारी ही मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या मळ्यांत पोहोचतात, हंगाम संपला की परततात आणि दोन्हीकडच्या हजेरीपटावरून गळतात. २०१५ च्या मार्चमध्ये सान किंतीनच्या मजुरांनी मोठा संप केला. रोजंदारी, सामाजिक सुरक्षा आणि मुकादमांकडून बायकांचा होणारा छळ हे त्यांचे मुद्दे होते. त्लापा शहरातलं ‘त्लाचिनोयान’ हे मानवाधिकार केंद्र या कुटुंबांच्या नोंदी अनेक वर्षं ठेवत आलं आहे. या मुलांच्या चिंतेचं शास्त्रीय मापन मात्र फारसं झालेलं नाही, कारण संशोधक शाळेत जातात आणि ही मुलं त्या दिवशी शाळेत नसतात.

हिंसेबद्दल लिहिताना हात जड होतो. २००६ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवलं. टोळ्या फुटल्या, लहान झाल्या, खेड्यापाड्यांत पसरल्या आणि खंडणी, जंगलतोड, अपहरण यांवर जगू लागल्या. २०१८ पासून पुढे कित्येक वर्षं देशात वर्षाला ३० हजारांहून अधिक खून होत राहिले. बेपत्ता माणसांच्या सरकारी नोंदीने २०२२ च्या मे महिन्यात एक लाखाचा आकडा ओलांडला. २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री इग्वाला शहरात आयोत्झिनापाच्या ग्रामीण अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी गायब झाले. ती सगळी गरीब शेतकऱ्यांची पोरं होती आणि मास्तर होणं हीच त्यांच्यापुढे गरिबीतून बाहेर पडण्याची एक सरळ, सन्मानाची वाट होती. खेड्यातल्या हुशार मुलाने शिकून पुढे जावं असं आजवर त्याला सांगितलं जात होतं. त्या रात्रीनंतर ते सांगणाऱ्या आईच्या मनातही धास्ती शिरली.

अशा वेळी गाव काय करतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. दोन गावांची उदाहरणं माझ्या मनातून जात नाहीत. पहिलं मिचोआकानमधलं पुरेपेचा लोकांचं चेरान. १५ एप्रिल २०११ च्या पहाटे तिथल्या बायकांनी जंगल तोडून नेणारे ट्रक अडवले. त्या तोडणाऱ्यांना सशस्त्र टोळ्यांचं संरक्षण होतं. त्यानंतर चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या. महिनोन्‌महिने शेजारीपाजारी रात्र रात्र त्यांच्याभोवती बसले, तिथेच रांधलं, तिथेच निर्णय घेतले आणि मुलंही तिथेच होती. गावाने राजकीय पक्षांना बाहेर ठेवलं, स्वतःची गस्त उभी केली आणि निवडणूक न्यायाधिकरणाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या परंपरेनुसार कारभार निवडण्याचा हक्क मान्य केला. दुसरं गाव गेरेरोमधलं आयाउआल्तेम्पा. २०२० च्या जानेवारीत त्या भागातल्या दहा आदिवासी वादकांची हत्या झाली, त्यानंतर गावाच्या स्वसंरक्षण दलाने लहान मुलांच्या हाती बंदुका देऊन त्यांचं संचलन केलं. सरकारचं लक्ष वेधण्यासाठी हे केलं असं गावकऱ्यांनी सांगितलं. त्या आईबापांना दोष देण्याचं धाडस मी करणार नाही. पण चेरानमध्ये मुलाला मोठ्यांच्या मधोमध बसून मोठे काय करतात ते पाहायला मिळालं, आणि आयाउआल्तेम्पात मोठ्यांचं काम मुलाच्या खांद्यावर आलं. मुलाच्या मनाच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे.

हाच भेद घरकामालाही लागू होतो. शहरी वाचकाला वाटतं, की दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन तोर्तिया थापते म्हणजे तिचं बालपण हरवलं. बार्बारा रोगॉफ आणि त्यांच्या मेक्सिकन सहकाऱ्यांचं काम या समजुतीला आवर घालतं. ग्वादालाहारा परिसरात त्यांनी आदिवासी परंपरेतली कुटुंबं आणि शहरी सुशिक्षित कुटुंबं यांची तुलना केली. पहिल्या गटातली मुलं न सांगता, आपणहून घरच्या कामाला हात लावत होती आणि त्यात त्यांना मोठेपणा वाटत होता. अँड्र्यू फुलिग्नी आणि ईव्हा टेल्झर यांनी लॉस एंजलिसमधल्या किशोरवयीन मुलांबद्दल असंच काहीसं नोंदवलं. ज्या दिवशी आपण घराच्या उपयोगी पडलो असं मुलाला वाटतं, त्या दिवशी ते जास्त आनंदी असतं. घराशी असलेली ही बांधिलकी हेच या मुलांचं सर्वांत मोठं बळ आहे, असं जवळपास सगळेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं, एका अटीवर. मदत करायला सोबत कोणीतरी मोठं माणूस हवं. आई मळ्यात, बाप शिकागोत आणि आजी अंथरुणाला खिळलेली असेल, तर थोरली मुलगी मदत करत नसते, घर चालवत असते. प्रश्नावलीत मात्र मदत करणारी आणि घर चालवणारी अशा दोघींची नोंद ‘घरकामात सहभाग’ म्हणूनच होते.

चिंता या मुलांत कशी दिसते? फार थोडी मुलं ‘मला चिंता वाटते’ असं म्हणतात. पोट दुखतं, डोकं ठणकतं, झोप लागत नाही, शाळेच्या वाटेवर छातीत धडधडतं. मोठी माणसं म्हणतात, पोराला ‘सुस्तो’ झाला आहे, म्हणजे धसक्याने जीव शरीरातून उडाला आहे. मग झाडफूक करणारी बाई येते, औषधी पाल्याने झाडते, अंगावरून अंडं उतरवते. हे सगळं अडाणीपणाच्या खात्यात टाकण्याआधी आर्थर रुबेल आणि सहकाऱ्यांचं १९८४ चं पुस्तक वाचायला हवं. ओआहाकातल्या झापोतेक, चिनान्तेक आणि स्पॅनिश बोलणाऱ्या अशा तीन समाजांत त्यांनी सुस्तो झालेल्यांची तपासणी केली. ती माणसं खरोखरच इतरांपेक्षा जास्त आजारी निघाली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. सुस्तो त्यांनाच होत होता ज्यांना समाजाने ठरवून दिलेली भूमिका निभावता येत नव्हती. गाव ज्या त्रासाला नाव देत होतं, तो त्रास खरा होता.

अधिकृत मोजणी याच्या बरीच मागे आहे. कोरिना बेन्हेत आणि मारिया एलेना मेदिना-मोरा यांच्या गटाने २००५ मध्ये १२ ते १७ वर्षांच्या सुमारे तीन हजार मुलांची घरोघर जाऊन पाहणी केली. चिंतेचे विकार सर्वांत जास्त आढळले, मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक, आणि त्रास असलेल्या बहुसंख्य मुलांना कुठलेच उपचार मिळाले नव्हते. हे काम फार महत्त्वाचं आहे, पण ते मेक्सिको सिटीच्या महानगरातलं आहे. राष्ट्रीय आरोग्य पाहणीत खेडी येतात. तिच्या २०२२ च्या फेरीत ७.६ टक्के किशोरवयीन मुलांनी आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगितलं, २०१८ मध्ये हे प्रमाण ५.१ टक्के होतं. मधल्या काळात कोविड आला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मेक्सिकोतल्या शाळा जगात सर्वाधिक काळ बंद राहिलेल्या शाळांपैकी होत्या. ३ ते २९ वयोगटातल्या ५२ लाख जणांनी कोविडमुळे किंवा पैशाअभावी २०२०-२१ मध्ये प्रवेशच घेतला नाही.

आता चिवटपणाविषयी. संकटातूनही नीट वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास एमी वर्नर यांनी हवाई बेटांतल्या काउआईवर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांपासून सुरू केला, आणि अॅन मास्टन यांनी २००१ मध्ये सांगितलं की त्यामागे काही अलौकिक नसतं, साध्या माणसांचा साधा आधार असतो. मेक्सिकोत होआकिना पालोमार आणि नोर्मा गोमेस यांनी २०१० मध्ये हे मोजण्यासाठी ४३ प्रश्नांची मेक्सिकन मोजपट्टी तयार केली. तिचे पाच भाग आहेत : आत्मविश्वास, लोकांत मिसळण्याची हातोटी, घराचा आधार, समाजाचा आधार आणि जगण्यातली शिस्त. यांतले दोन सरळसरळ मुलाच्या बाहेरचे आहेत. तरीही निष्कर्ष लिहिताना गुण मुलाला दिले जातात. ‘या मुलीचा चिवटपणा कमी पडला’ असं वाक्य मी वाचतो तेव्हा मला राग येतो. तिची आजी वारली असेल, गावातला दवाखाना बंद झाला असेल, सणाला येणारी मावशी सीमेपलीकडे अडकली असेल. कमी पडला तो आधार. शिवाय चिवट दिसणाऱ्या मुलाच्या मनात चिंता नसते असंही नाही. शाळेत पहिली येणारी, भावंडांना सांभाळणारी मुलगी रात्री झोपत नसेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिची तक्रार कोणी करत नाही.

शाळेबद्दल मला आशा वाटते. १९६८ पासून मेक्सिकोत ‘टेलेसेकुंदारिया’ चालतात. जिथे विषयवार शिक्षक पाठवणं परवडत नाही अशा खेड्यांत धडा दूरचित्रवाणीवरून येतो आणि वर्गात एकच शिक्षक सगळे विषय पाहतो. आज अशा सुमारे १८ हजार शाळांत बारा लाखांच्या आसपास मुलं शिकतात. त्यांच्या निकालांवर टीका पुष्कळ झाली आहे आणि तीही रास्त आहे. पण मुलाला रोज पाहणारा, त्याचं घर ओळखणारा, तीन वर्षांत बदल टिपू शकणारा एक मोठा माणूस या पद्धतीत आपोआप मिळतो. त्या शिक्षकाला थोडं प्रशिक्षण, अवघड वेळी फोनवर सल्ला देणारा मानसशास्त्रज्ञ आणि गावात टिकून राहण्याइतका पगार मिळाला, तर दूरच्या शहरातल्या मनोरुग्णालयापेक्षा तो जास्त कामाचा ठरेल.

सरकारने दोन पावलं पुढे टाकली आहेत आणि एक मागे. २०१२ मध्ये उच्च माध्यमिक शिक्षण सक्तीचं झालं. २०२२ मध्ये आरोग्य कायद्यात बदल करून मानसिक उपचार मोठ्या रुग्णालयांतून काढून गावपातळीवरच्या दवाखान्यांत नेण्याचं ठरलं. पण आरोग्याच्या खर्चातला जेमतेम दोन टक्के वाटा मानसिक आरोग्याला मिळतो आणि मनोविकारतज्ज्ञ मेक्सिको सिटी, ग्वादालाहारा, मोंतेर्रेई अशा शहरांत एकवटलेले आहेत. मागे पडलेलं पाऊल २०१९ चं. त्या वर्षी ‘प्रोस्पेरा’ संपली आणि तिच्या जागी बेनितो ह्वारेस शिष्यवृत्ती आली. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्याला ती थेट मिळते, सुरुवातीला महिना ८०० पेसो. अटी गेल्या, दलाली गेली, मान वाढला, हे चांगलंच झालं. पण अटींसोबत दवाखान्याची नियमित भेट आणि आयांच्या बैठकाही गेल्या. कुणीतरी ठरलेल्या दिवशी घराची विचारपूस करत होतं, ते बंद झालं.

माझं मत स्पष्ट आहे. शिष्यवृत्ती चालू राहावी आणि वाढावी, पण मुलांची चिंता कमी करायची असेल तर पैशासोबत त्यांना काही गोष्टींची खात्री द्यावी लागेल. मजूर कुटुंबासोबत फिरणाऱ्या मुलाच्या मागे शाळेचा दाखलाही फिरला पाहिजे. बेपत्ता माणसाचा शोध घेणं हे आईचं नव्हे, सरकारचं काम झालं पाहिजे. सीमेपलीकडच्या बापाला मुलाला भेटून परत कामावर जाता आलं पाहिजे, आणि त्यासाठी निर्णय वॉशिंग्टनमध्येही व्हावा लागेल. संशोधकांनी यापुढे हंगाम संपताना गावी जावं, मुलांशी त्यांच्या मातृभाषेत बोलावं आणि त्याच मुलांना पाच-सात वर्षांनी पुन्हा भेटावं. आजच्या घडीला ग्रामीण मेक्सिकोतल्या किशोरवयीन मुलांबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान लॉस एंजलिससह कॅलिफोर्नियात आणि मेक्सिको सिटीत गोळा केलेलं आहे.